पाच चपटी आणि एक बंब

ज्या यंत्राचं झाकण उघडायची मालकालाच मनाई आहे, ते यंत्र मालकाचं आहे असं मी मानत नाही. हे वाक्य मी एका पत्रकात लिहिलं होतं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. त्याच पत्रकातली बाकीची वाक्यं मात्र फार महाग पडली. किंमत मोजली ती अकोल्याच्या काकांनी, म्हणून हे लिहिते आहे.

मी अमरावतीची. पत्रकं लिहायला शिकले ती आमच्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत. वसतिगृहाचं पाणी, अडकलेली शिष्यवृत्ती, बंद पडलेली सिटी बस, असे विषय. मथळा मोठा, पहिल्या ओळीत आरोप, शेवटी मागणी, खाली तारीख. डिप्लोमाला असताना कॉलेजच्या पोरांनी गो-कार्ट बनवली. म्हणजे चार छोटी चाकं, खाली जमिनीला टेकेल असा पाइपांचा सांगाडा आणि पाठीमागे एक इंजिन. पोरं नोकऱ्यांना लागली, कार्ट भंगारात गेली, पण मला चालवायची चटक लागून गेली. कोणीतरी सांगितलं, अकोल्याला आयटीआयमधून निवृत्त झालेले एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे कार्ट आहे पण चालवायला माणूस नाही. मी सकाळच्या एसटीने गेले. तेच हे काका. त्यांनी नाव, गाव, शिक्षण काही विचारलं नाही.

"वजन किती तुहं?"

"अठ्ठेचाळीस."

"बस मंग."

मी पत्रकं काढते हे कळल्यावर ते मला लीडर म्हणायला लागले. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी शोधत बसले नाही.

काकांच्या कार्टला जे इंजिन होतं त्याला इंग्रजीत फ्लॅटहेड म्हणतात, आम्ही चपटं म्हणतो. आताच्या इंजिनात व्हॉल्व्ह डोक्यावर असतात. चपट्यात ते सिलिंडरच्या शेजारी, खाली बसलेले असतात, त्यामुळे वरचं हेड म्हणजे निव्वळ एक जाड झाकण. आठ बोल्ट, एक पाना, पाच मिनिटं, आणि इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांसमोर. एकेकाळी ही इंजिनं आमच्या वऱ्हाडात नाल्यावरून, विहिरीवरून पाणी उपसायची. पेट्रोलवर सुरू करायची आणि मग रॉकेलवर पळवायची. वीज आली, रॉकेल गेलं, सोलर पंप आले आणि चपटी गोठ्यात जाऊन बसली. तिथून ती कार्टवाल्यांनी उचलली. काकांचं इंजिन मोर्शीच्या एका संत्र्याच्या बागेतलं. ते पंपाला होतं तेव्हा जेवढं फिरायचं त्याच्या जवळपास दुप्पट काका त्याला फिरवत. ते कसं, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण काका कोणालाही उघडून दाखवायचे. व्हॉल्व्हच्या कडा त्यांनी कशा घासल्या, आत जाणाऱ्या हवेची वाट कानशीने कशी गुळगुळीत केली. आयटीआयमध्ये बत्तीस वर्षं शिकवल्यावर माणसाला काही लपवून ठेवता येत नसावं.

चपटंवाल्यांची एक चाल होती. शर्यत संपली की जिंकलेल्याचं हेड तिथंच, सगळ्यांसमोर खोलायचं. आणि खोलायचं कोणी, तर दुसरा आलेल्याने. हरलेला माणूस पाना हातात घेऊन जिंकलेल्याचे बोल्ट काढतो आहे, जिंकलेला चहाचा ग्लास धरून उभा आहे, बाकीचे वाकून आत बघताहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, लोकशाही ती हीच. इतक्या सभा केल्या, इतकी निवेदनं दिली, असं उघडं काही कुठल्या कार्यालयात पाहिलं नव्हतं.

आणि मग पातूर रोडच्या ट्रॅकवर सीलबंद इंजिनं आली.

नवी, चकचकीत, कारखान्यातून शिसं ठोकून आलेली. सील तोडलं की बाद. बिघडलं तरी मालकाने खोलायचं नाही, ज्यांनी विकलं त्यांच्याकडे पाठवायचं. दोन हंगामांत ट्रॅकवर त्यांचीच गर्दी झाली. चपट्यांचा वर्ग पंधरा गाड्यांवरून पाचावर आला. मोर्शीचा एक संत्रेवाला, धारणीचा एक जीपवाला जो आपली कार्ट जीपच्या टपावर बांधून मेळघाट उतरून यायचा, अकोल्यातलेच दोघं भाऊ, आणि काका. ट्रॅकच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली: या हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत पहिली फेरी पूर्ण करणारी पाच इंजिनं नसतील, तर चपट्यांचा वर्ग कायमचा बंद.

मी पेटले. सरळ सांगते, सीलबंद इंजिन वाईट नाही. सगळ्यांना सारखं, पैसेवाल्याला वेगळं आणि गरिबाला वेगळं नाही, हा मुद्दा खोडता येत नाही. काका स्वतः म्हणायचे, "चांगलं इंजिन हाय ते. मी बी पाह्यलं, खोलता नाई येत म्हणून बाहेरूनच पाह्यलं." पण मला ते बाहेरूनच बघणं सहन झालं नाही. मी अमरावतीला येऊन एका रात्रीत पत्रक लिहिलं. मथळा: "झाकण उघडा!" खाली चपटंवाल्यांच्या चालीचं वर्णन. आम्ही जिंकल्यावर हेड उघडतो, तुम्ही सील दाखवता, घाबरता कशाला? शेवटी मागणी: शेवटच्या शर्यतीआधी ट्रॅकवरचं प्रत्येक इंजिन उघडून तपासलं पाहिजे. प्रती ट्रॅकवर वाटल्या, चहाच्या टपरीवर चिकटवल्या, एक सेक्रेटरींच्या गाडीच्या काचेवर वायपरखाली ठेवली. काकांना विचारलं नाही. पत्रक काढताना कोणाला विचारायची मला सवय नव्हती.

चार दिवसांनी उत्तर आलं. इतकं सभ्य की मी आधी खूश झाले. आक्षेप मान्य. शर्यतीआधी शुक्रवारी, उघडता येतील अशा सर्व इंजिनांची हेडं खोलून तपासणी होईल. सीलबंद इंजिनांसाठी सील हाच पुरावा मानला जाईल.

म्हणजे आमचीच पाच.

काकांना फोन केला. मी म्हटलं, "काका, उघडू ना आपण. आपल्याला काय लपवायचं आहे?"

"लपवाचं काई नाई, लीडर. गॅस्केट नाई."

हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये एक पातळ पत्री असते, दाब बाहेर निसटू नये म्हणून. ती गॅस्केट. तापून तापून ती दोन्हीकडे चिकटते आणि हेड काढलं की फाटतेच. चपट्यांची गॅस्केटं बनायची बंद झाली होती. काकांकडची शेवटची दोन गेल्या हंगामात संपली होती. तेव्हापासून पाचही जणांनी आपसांत ठरवून हेड खोलायची चाल थांबवली होती. जिंकलेला फक्त म्हणायचा, आत काही नाही, आणि बाकीचे मान डोलवायचे. तेव्हापासून मी परीक्षेमुळे दोन शर्यती चुकवल्या होत्या, उरलेल्यांत जिंकलो नव्हतो आणि शर्यत संपताच मी अमरावतीची एसटी गाठायला पळत होते, त्यामुळे मला पत्ताच नाही. आणि मी ज्या चालीचा डंका पिटला होता ती चाल जिवंत राहिलीच नव्हती.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुनं पत्रक काढलं असतं," काका म्हणाले.

शुक्रवारी हेडं निघाली. मी अमरावतीहून पोचले तोवर पाचही गॅस्केटं चिंध्या होऊन एका वर्तमानपत्रावर मांडलेली होती. तपासणीत काही निघालं नाही, निघणार नव्हतंच. सेक्रेटरी साहेबांनी पाचांपुढे बरोबरची खूण केली आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या मागणीप्रमाणे झालं सगळं." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. तेच जास्त लागलं.

धारणीचा जीपवाला म्हणाला, "ह्या पोरीले कोनी तरी कागद-पेन देनं बंद करा रे." संत्रेवाला हसला नाही. त्याचं मोर्शीचं इंजिन आणि काकांचं इंजिन एकाच गावचं, एकाच काळचं. त्याने फक्त विचारलं, "काका, आता?"

काका ती चिंध्या झालेली एक पत्री बोटांवर घेऊन उन्हाकडे धरून बघत होते. म्हणाले, "घरी बंब हाय."

शनिवारी सकाळी काकांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बंब कापला गेला. न्हाणीघरात वर्षानुवर्षं पाणी तापवलेला, गॅस गीझर आल्यापासून माळ्यावर पडलेला तांब्याचा बंब. काकूंनी तो दारातच अडवला होता.

"माह्या लग्नातला हाय तो."

"तुह्या लग्नात मी बी होतो, मले कोनी सांभाळून ठेवलं?" काका म्हणाले आणि आत गेले. काकू माझ्याकडे वळल्या. "तूच ना ते कागदवाली? ये, चहा घे. मंग पाहतो तुह्याकडे."

काकांनी काम केलं ते मी सांगू शकते, पण ते दिसलं कसं हे सांगणं मला जमेलच असं नाही. बंबाची गोलाई चिरली, पत्रा लाकडी ठोकळ्यावर हातोडीने झोपवला. फाटक्या गॅस्केटचे तुकडे जुळवून त्यावरून आखलं. मोजपट्टी दोनदाच घेतली, बाकी अंगठा फिरवून. सिलिंडरचं भोक, शेजारच्या दोन व्हॉल्व्हची जागा, आठ बोल्टांची आठ भोकं. कातर, कानस, पुन्हा कानस. दुपारी एकपर्यंत पाच गॅस्केटं तयार. बंबातून निघाली तेवढीच, सहावं निघण्याइतकं सलग तांबं राहिलं नाही.

पण हातोडी खाल्लेलं तांबं कडक होतं. कडक गॅस्केट दाबलं तरी बसत नाही, दाब निसटतो. त्याला लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचं, की ते कापडासारखं मऊ येतं. काका जेवायला उठले. म्हणाले, "ज्योत कमी ठेव. एकेक घे. अन् आत कर, शेडमंदी."

आत का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. शेडवर अकोल्याचा एप्रिल तापत होता, आत उभं राहवत नव्हतं, आणि मला वाटलं म्हाताऱ्या माणसांची ही एक सवय असते, सगळं कोपऱ्यात बसून करायचं. मी गॅस वेल्डिंगची नळी ओढत अंगणात आणली. पहिलं गॅस्केट विटेवर ठेवलं आणि ज्योत धरली. लाल व्हायची वाट पाहत राहिले. होईना. अजून धरली. तांबं होतं तसंच दिसत होतं, जरा मळकट. म्हटलं गॅस कमी पडतोय, ज्योत वाढवली. आणि माझ्या डोळ्यांदेखत गॅस्केटची एक कड मेणासारखी वाकली, गोळा झाली आणि विटेवरून खाली ओघळली.

भर दुपारच्या उन्हात तापलेल्या तांब्याची लाली दिसतच नाही. ते केव्हाच लाल होऊन पुढे गेलं होतं. ही गोष्ट आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असते.

काका हात पुसत बाहेर आले. विटेकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे, मग माझ्याकडे.

"पत्रक छापून झालं. आता तांबं बी छापलं."

मला रडू येत होतं आणि मी ते रागाने दाबत होते. म्हटलं, "आत का करायचं ते सांगायचं ना!"

"सांगाले पाह्यजे होतं," काका म्हणाले. हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले नाहीत. मास्तर होते, शिकवण्यात काय राहून गेलं ते तपासत होते. मग मला शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं आणि दुसरं गॅस्केट माझ्याच हातात दिलं. मी म्हटलं, तुम्ही करा. म्हणाले, "काहून? आता तुले मालूम हाय."

मी चार गॅस्केटं तापवली. अंधारात तांबं मंद लाल होताना दिसतं, चुलीतल्या निखाऱ्यावर राख असते तसं. पाण्यात टाकलं की चर्र होतं आणि गुलाबी होऊन वर येतं. चौथं काढल्यावर मी त्यातलं एक बाजूला ठेवायला लागले, आपल्या इंजिनासाठी. काकांनी ते उचलून बाकीच्या तिन्हींत ठेवलं.

"माहं जाळलं तुनं. हे त्याह्यचे हायेत."

"मग आपलं?"

"पाहू."

संध्याकाळी चौघं येऊन आपापलं गॅस्केट घेऊन गेले. कोणाचं कमी पडलं हे काकांनी सांगितलं नाही. संत्रेवाला मात्र जाताना, गॅस्केटं मांडली होती त्या रिकाम्या पाटाकडे बघून थांबला. "काका, तुमचं?" "बसोलं कवाच," काका धडधडीत खोटं बोलले.

मग त्यांनी काकूंच्या शोकेसची मधली काच काढली. काचेवरच्या कप-बशा काकूंनी आधीच उतरवून ठेवल्या होत्या. काच टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर पॉलिश पेपर पसरला आणि काका त्यावर हेड घासायला लागले. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत, सारखा दाब ठेवत. काचेइतकं सपाट काही घरात नसतं. हेड घासून झालं, मग ब्लॉकचं तोंड. दोन्ही पृष्ठभाग इतके सपाट करायचे की मधे गॅस्केटच नको. वरून सीलिंग पेस्टचा एक पातळ हात.

"चालेल?"

"एक चक्कर चालन. दोन बी चालन. मंग दाब जागा शोधते, अन् ब्लॉकचं तोंड जाळून टाकते. हेड दुसरं भेटन, ब्लॉक नाई भेटत आता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक चक्कर पुरा झाला की बाहेर ये. मोजनी होऊन जाते. समजलं?"

गॅस्केटची जाडी गेली म्हणजे हेड तेवढं खाली आलं. व्हॉल्व्ह उघडताना त्याला टेकतील का हे बघायला काकांनी काकूंकडून कणकेची गोळी मागून आणली. दोन्ही व्हॉल्व्हवर चिमूटभर कणीक, हेड बसवलं, हाताने इंजिन दोन फेरे फिरवलं, हेड काढलं. कणीक चपटी झाली होती, पण फाटली नव्हती. ती नखावर धरून काका म्हणाले, "पुरे."

रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, पाच चपटी ओळीत उभी राहिली. बाजूला सीलबंदवाले वीसेक जण बघत होते. सेक्रेटरी साहेब पॅड घेऊन रेषेवर. पाचही इंजिनं पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि तो आवाज, जाड, ओला, पंपाचा, मी दुसऱ्या कशाशी बदलणार नाही. झेंडा पडला.

जे कोणी विचारात घेतलं नव्हतं ते मला पहिल्या वळणालाच कळलं. गॅस्केट नाही म्हणून आतली जागा कमी झाली होती, म्हणून दाब वाढला होता, म्हणून इंजिन असं पळत होतं जसं ते कधीही पळालं नव्हतं. मी शेवटच्या जागेवरून सुटले होते. दोघं भाऊ पहिल्या वळणावर मागे पडले, जीपवाला लांब सरळ रस्त्यावर, संत्रेवाला शेवटच्या वळणाच्या आधी. रेषेवरून मी पहिली गेले. मागे वळून पाहिलं तर चौघंही येत होते. पाच. वर्ग वाचला होता.

काका टायरच्या भिंतीपाशी उभे राहून हात हलवत होते. बाहेर ये.

मी पाहिलं. पाहिलं आणि पुढे गेले. याला मी काही कारण देत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे रिकामा रस्ता होता.

दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यात शिट्टी ऐकू आली. पाठीमागून, बारीक, प्रेशर कुकर शिजायला लागताना येते तशी. दाबाने जागा शोधली होती. मी पाय उचलला, कार्ट गवतात घातली आणि इंजिन बंद केलं. चौघं शेजारून गेले. उरलेल्या आठ फेऱ्या मी गवतात बसून ऐकल्या.

संत्रेवाला जिंकला, जीपवाला दुसरा. तांब्याचं गॅस्केट हेड काढलं तरी फाटत नाही, म्हणून बंद पडलेल्या चालीप्रमाणे जीपवाल्याने पाना काढला, पण संत्रेवाल्याने तो त्याच्या हातातून घेऊन काकांना दिला. "पह्यले तुमचं खोला, काका. रात्रीपासून जीव टांगला हाय माहा." म्हणजे त्याला ठाऊक होतं. सीलबंदवाली पोरंही येऊन वाकून उभी राहिली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी इंजिनाचं पोट कधी पाहिलंच नव्हतं, आणि काका बोल्ट काढता काढता त्यांना व्हॉल्व्ह दाखवायला लागले, जणू वर्गच भरला आहे. सेक्रेटरी साहेबांनी पॅडवर पाच लिहिलं, आम्हाला दाखवलं, आणि म्हणाले पुढच्या हंगामात वर्ग राहील. पुढच्या हंगामाला आम्ही चारच होतो. धाकट्या भावाने इंजिन विकलं. पण ते नंतरचं.

हेड निघालं. ब्लॉकच्या तोंडावर, सिलिंडरच्या भोकापासून कडेपर्यंत, केसाएवढी काळी रेघ. काकांनी ती फडक्याने पुसली. रेघ राहिली. मग अंगठ्याचं नख तिच्यावरून आडवं नेलं, सावकाश. परत नेलं. नख अडकलं तर खाच, आणि खाच म्हणजे संपलं.

"अडकत नाई," काका म्हणाले. "वरवर हाय. घासून निंघन."

बाकीचे संत्रेवाल्याच्या इंजिनाकडे वळले. काका तिथंच उकिडवे बसून राहिले. आता बोलणी खायची म्हणून मीही शेजारी बसले.

"हात दिसला नाई तुले?"

"दिसला."

"मंग काहून नाई थांबली?"

"गाडी पुढे होती, काका."

त्यांनी बोल्ट एकेक करून डब्यात टाकले. आठही मोजले. डब्याचं झाकण लावलं. मग इकडेतिकडे कोणी ऐकत नाही असं पाहून त्यांनी विचारलं,

"किती पुढं होती?"

मी बसल्या जागेवरून चहाच्या टपरीपर्यंत बोट दाखवलं.

"हट," काका म्हणाले. आणि उठून, पाय मोजत, टपरीपर्यंत चालत गेले.